साभार परत

इंदरगंजच्या चौराह्यावर सकाळी साडेनऊनंतर रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. तरी महिन्यातून एक-दोनदा मी तो ओलांडते, पलीकडच्या कुरियरच्या दुकानातून पुण्याहून आलेलं जाडजूड पाकीट घेते आणि घरी येते. पाकिटात कोणीतरी लिहिलेली, अजून न छापलेली कादंबरी असते. कधी खुनाची, कधी भुताची, कधी परग्रहावरच्या लोकांची. ती वाचायची, दोन पानं अभिप्राय लिहायचा आणि परत पाठवायची. गेली नऊ वर्षं माझा हा उद्योग चालू आहे. कुरियरवाल्याला अजून वाटतं, मी साड्या मागवते.

पुण्याचा हा प्रकाशक अगदी छोटा. एक गृहस्थ आणि त्यांची बहीण, दोन खोल्या, एका पुस्तकाच्या तीनशे-चारशे प्रती. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा एवढंच छापतात. पगारी वाचक ठेवणं त्यांना परवडत नाही. माझा भाचा त्यांच्याकडे मुखपृष्ठं करायचा, त्याने माझं नाव सुचवलं. 'मावशी दुपारी काही तरी वाचतच असते,' म्हणाला. तेव्हापासून मी त्यांची वाचक.

यावरून मला दोन प्रश्न नेहमी ऐकावे लागतात. मंदिरात भेटणाऱ्या बायका विचारतात, "याचे पैसे किती मिळतात?" मी सांगते, काही नाही, पुस्तक निघालं तर एक प्रत. मग त्या माझ्याकडे जरा दयेने बघतात. दुसरा प्रश्न आमच्या काकींचा, म्हणजे माझ्या चुलतसासूबाईंचा. "अगं, आपण पाणीसुद्धा गाळून पितो. आणि तू खुनाच्या गोष्टी वाचत बसतेस?"

दोन्ही प्रश्न मला टोचले, म्हणून मी जरा मागे जाऊन शोधायला लागले. आपल्याआधी हे काम कोणी केलं होतं? छापण्याआधी पुस्तक वाचणारं माणूस कोण असतं? जे सापडलं ते इथे सांगते.

गोष्ट १८६१ सालापासून सुरू करू. लंडनमध्ये एलन वुड नावाच्या बाईंनी 'ईस्ट लिन' ही कादंबरी लिहिली होती. घर सोडून गेलेली बायको वेष पालटून, गव्हर्नेस म्हणून आपल्याच मुलांना सांभाळायला परत येते, शिवाय मधे एक खून, असं रडवणारं आणि धरून ठेवणारं कथानक. चॅपमन अँड हॉल या मोठ्या प्रकाशकाकडे ती गेली. तिथला वाचक होता जॉर्ज मेरेडिथ, स्वतः नावाजलेला कवी-कादंबरीकार. त्याने ती नाकारली. मग ती रिचर्ड बेंटली यांच्याकडे गेली. त्यांच्याकडे हस्तलिखितं वाचायला एक बाई होत्या, जेराल्डिन ज्यूसबरी. त्यांनी सांगितलं, छापा. १८६१ मध्ये पुस्तक आलं आणि त्या काळातलं अतिशय खपणारं पुस्तक ठरलं. ज्यूसबरीबाईंनी १८८० मध्ये मृत्यू येईपर्यंत किती हस्तलिखितं वाचली असतील! त्यांना या कामाचे पैसे मिळत होते, हे खरं. पण ज्या पुस्तकांचं नशीब त्यांनी ठरवलं, त्यांवर त्यांचं नाव कुठे नाही. बेंटलींची कागदपत्रं ब्रिटिश लायब्ररीत राहिली, म्हणून ते अभिप्राय आज माहीत आहेत.

त्याच १८६१ मध्ये आपल्या मराठीत लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली. संकटात सापडलेली नायिका, कपटी खलपुरुष, ताटातूट आणि शेवटी मीलन. त्याआधी चार वर्षं, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन'मध्ये विधवांचं दुःख मांडलं होतं. पण पुढची कित्येक वर्षं वाचकांना हवी होती 'मुक्तामाला'सारखी अद्भुत गोष्ट. म्हणजे आज ज्याला आपण 'टाइमपास' म्हणतो, त्यावरच मराठी कादंबरी वाचायची सवय लागली.

आणि त्याच १८६१ मध्ये काशीबाई कानिटकरांचा जन्म झाला. लहानपणीच लग्न झालं, आणि वाचायला लिहायला त्या शिकल्या त्या लग्नानंतर, घरात, मोठ्यांची नजर चुकवत. पुढे त्यांचा आणि हरिभाऊ आपट्यांचा पत्रव्यवहार झाला. त्यात कादंबऱ्यांची चर्चा असे. एवढ्या मोठ्या कादंबरीकाराला एक बाई घरात बसून आपलं मत कळवत होती. काशीबाईंनी स्वतःही लिहिलं. १९२८ मध्ये आलेल्या त्यांच्या 'पालखीचा गोंडा'मध्ये एका संस्थानाचा कारभार बायका चालवतात. आजच्या भाषेत त्याला कल्पित जगाची कादंबरी म्हणता येईल. आमच्या प्रकाशकाकडे आज असं हस्तलिखित आलं असतं, तर मी ते रात्री झोपायच्या आत संपवलं असतं.

आता आमच्या ग्वाल्हेरची गोष्ट. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. अध्यक्ष होत्या कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. दुसरी स्त्री अध्यक्ष, दुर्गाबाई भागवत, यायला १९७५ उजाडावं लागलं. माझ्या सासूबाई तेव्हा शाळकरी होत्या. भाषणातलं त्यांना काही आठवत नसे. एवढंच आठवायचं की सगळे पुरुष उठून उभे राहिले आणि मधे एक नऊवारीतली नाही, साधी पाचवारीतली बाई बसली होती. "मला वाटलं, हेडमास्तरीण असेल," त्या सांगायच्या.

कुसुमावतीबाईंचं सगळ्यात कष्टाचं काम म्हणजे मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांनी घेतलेला आढावा, १८५० ते १९५०. आता विचार करा, शंभर वर्षांच्या कादंबऱ्यांविषयी लिहायचं म्हणजे चांगल्या तेवढ्याच वाचून भागत नाही. विसरल्या गेलेल्या, रटाळ, फसलेल्या, सगळ्या वाचाव्या लागतात. पानं उलटून पुढे जायची सोय नसते. त्यांचं निधनही त्याच १९६१ सालात झालं. ग्वाल्हेरच्या मराठी माणसांना त्या संमेलनाचा अभिमान आहे. मला मात्र त्यांच्या अध्यक्षपदापेक्षा ती शंभर वर्षांची वाचनाची बैठक मोठी वाटते.

पण सासूबाईंच्या पिढीतल्या मुली काही 'पहिले शतक' वाचत नव्हत्या. त्या वाचत होत्या बाबूराव अर्नाळकर. हजाराहून जास्त रहस्यकथा त्या एका माणसाने लिहिल्या. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांची माणसं. महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला की त्याच्या वळकटीत एखादं तरी पुस्तक असायचं आणि मग ते लष्करातल्या मराठी घरांमधून फिरायचं. दौलतगंज, चिटणीस की गोठ, तिथून आमच्या इंदरगंजात. परत जाईपर्यंत कव्हर गेलेलं असायचं. सासूबाई ते पिठाच्या डब्यामागे ठेवायच्या, कारण त्यांच्या सासऱ्यांना कादंबरी चालत नसे. एकदा शेवटची आठ पानं गळालेलं पुस्तक आलं. खुनी कोण, हे त्यांना कधीच कळलं नाही. चाळीस वर्षांनी त्यांनी मला ती गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुला काय वाटतं, कोणी केला असेल?" त्या दिवशी आमचं सासू-सुनेचं नातं बदललं, असं म्हटलं तरी चालेल.

याच सुमारास अनंतराव अंतरकरांची 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' ही मासिकं घरोघर जात होती. 'हंस' १९४६ मध्ये सुरू झालं होतं. 'नवल'मध्ये गूढ, भय, अद्भुत असंच सगळं. नारायण धारपांच्या भयकथा वाचून रात्री न्हाणीघरात एकटीने न जाणाऱ्या बायका आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेल्या. मासिक म्हटलं की संपादकाच्या टेबलावर गोष्टींचा ढीग आलाच, आणि ढीग आला की 'साभार परत' आलं. हे दोन शब्द ज्याने लिहून घेतले नाहीत, असा मराठी लेखक विरळा.

या ढिगाशी घरातल्या बाईचा संबंध कसा येतो, ते १९७४ साली दिसलं. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. जयंत नारळीकर तेव्हाच जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपली आद्याक्षरं उलटी करून हे नाव केलेलं. पण अक्षर ओळखलं गेलं तर? म्हणून ती कथा मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरून काढली. मंगलाताई स्वतः गणितज्ञ. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मराठी विज्ञानकथेचं पुढचं दालन उघडलं. परीक्षकांच्या हातात जे कागद होते, त्यांवर अक्षर मंगलाताईंचं होतं. ज्याने पानन् पान हाताने उतरवलं, त्याच्याइतकं नीट वाचलेलं कोण असणार?

त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत स्टीफन किंगची पहिली कादंबरी 'कॅरी' आली. सुरुवातीची काही पानं त्याने जमत नाही म्हणून चुरगळून कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. बायकोने, टॅबिथाने, ती बाहेर काढली, वाचली आणि सांगितलं, पुढे लिही, पुढे काय होतं ते मला हवंय. भयकथेचा एवढा मोठा लेखक, आणि त्याची पहिली वाचक घर झाडणारी बायको. तीही पुढे लेखिका झाली.

आता काकींच्या प्रश्नाकडे येते. जैनांच्या घरात खुनाच्या गोष्टी कशाला?

काकी, आपल्या किल्ल्याच्या कड्यात त्या भव्य मूर्ती कोरल्या गेल्या तो काळ आठवा. पंधरावं शतक, तोमर राजा डुंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह. त्याच काळात याच ग्वाल्हेरमध्ये रइधू नावाचा कवी अपभ्रंशात लिहीत होता. त्याने यशोधर राजाचं चरित्रही लिहिलं. ती कथा तुम्हीच मला पर्युषणात सांगितली होती. राणी रात्री महालातून गुपचूप बाहेर पडते, राजा तिच्या मागे जातो, तिचं गुपित त्याला कळतं. मग आईच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला जातो आणि राणी दोघांना विष घालते. यात गुन्हा आहे, पाळत आहे, विषप्रयोग आहे. फरक एवढाच की गुन्हेगाराला पकडायला पोलीस येत नाही, कर्म येतं, आणि जन्मोजन्मी मागे लागतं. खऱ्या कोंबड्याला धक्काही लागला नव्हता, नुसता मारण्याचा भाव होता, तरी त्याचा हिशेब झाला. चांगली रहस्यकथासुद्धा तेच करते. एक माणूस मेला, आणि तो का मेला हे कळल्याशिवाय कोणी स्वस्थ बसत नाही, सारं पुस्तक त्या एका जिवासाठी खर्च होतं. वर्तमानपत्रात रोज दहा माणसं मरतात आणि आपण चहा पीत पान उलटतो. जास्त हिंसा कशात आहे?

काकी यावर काही बोलल्या नाहीत. पण परवा त्यांनी विचारलं, "त्या इन्स्पेक्टरचं पुढे काय झालं गं?"

पैशांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला इतकं सरळ देता येत नाही. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती करवून वाटल्या. आपल्याकडे शास्त्रदान हे दान मानलंय. पण खुनाची कादंबरी म्हणजे काही शास्त्र नव्हे, आणि फुकट केलेलं प्रत्येक काम दान होतं असंही नाही. बाईने फुकट केलेल्या कामाला तर सगळे गृहीतच धरतात. मी प्रकाशकाला स्पष्ट सांगितलंय, तुम्हाला परवडायला लागेल त्या दिवशी मला नाही, पण माझ्यानंतरच्या मुलीला पैसे द्या.

माझ्याकडून मी एवढंच बघते की काम नीट व्हावं. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं होतात. सातला स्वयंपाकघर आवरलेलं असतं, म्हणून रात्रीचे दोन-तीन तास हाती राहतात. पहिलं वाचन मी हातात पेन्सिल न घेता करते. फक्त कुठे माझं लक्ष घड्याळाकडे गेलं ते लक्षात ठेवते. दुसऱ्या वाचनात हिशेब तपासते. गाडी किती वाजता सुटली, किल्ली कोणाकडे होती, पाऊस पडत होता तर छत्री कुठे गेली. यात गृहिणीचा हात कोणी धरणार नाही. एका कादंबरीत खुनाच्या सकाळी गॅसवर दूध उतू गेलेलं होतं. घरातली बाई आदल्या दिवशी माहेरी गेलेली, नवरा बिनदुधाचा चहा पिणारा. मग दूध तापवलं कोणी? लेखकाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्याने पुढे त्यावरच एक प्रकरण बेतलं.

पण मी तुम्हाला माझी फुशारकी सांगायला बसले नाही. खरी गोष्ट आता सांगते.

तिसऱ्या वर्षी खानदेशातून एका बाईंचं हस्तलिखित आलं. वहीच्या पानांवर निळ्या शाईत लिहिलेलं, चारशे पानांच्या वर. सुरुवात मंद होती. दिवाळी तोंडावर, घरात रंगकाम, नणंद मुलांना घेऊन आलेली. मी साठ पानं वाचली, कंटाळले, मधली चाळली. खुनी कोण असेल ते मला कळलंय असं वाटलं. अभिप्रायात लिहिलं, "पकड नाही. खुनी धाकटा दीर आहे हे लवकर ओळखू येतं." प्रकाशकांनी माझ्यावर विश्वास ठेवून वही साभार परत केली, आणि माझ्या अभिप्रायाची प्रतही सोबत जोडली.

महिन्याभराने त्या बाईंचं कार्ड आलं. रागाचा एक शब्द नव्हता. लिहिलं होतं की वाचणाऱ्या बाईंची काही गल्लत झालेली दिसते, कारण धाकटा दीर सव्विसाव्या प्रकरणात स्वतःच मारला जातो.

ते कार्ड हातात घेऊन मी किती वेळ जिन्यात उभी होते कोण जाणे. कोणी पाहिलं नव्हतं, कोणी मला बोललं नाही. प्रकाशक तर म्हणाले, होतं असं. पण चारशे पानं! सून-नातवंडांच्या घरात, रात्री सगळे झोपल्यावर लिहिलेली असणार. ती मी नणंदेच्या फराळाच्या गडबडीत उडवली. सासूबाईंना आठ पानं मिळाली नाहीत तर चाळीस वर्षं चुटपुट लागली होती, आणि मी साडेतीनशे पानं आपण होऊन सोडली.

पुढच्या क्षमावाणीला मी त्या बाईंना पत्र लिहिलं. न वाचता मत दिलं, हे सरळ कबूल केलं. क्षमा मागितली आणि वही पुन्हा पाठवा म्हणून विनवलं. चार महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. वही आता पुण्याला पाठवायचा जीव होत नाही, एकच प्रत आहे. उतरून काढायला वेळ नाही, सून बाळंत झाली आहे. मी फोन नंबर कळवला, उतरवायला मी येते म्हटलं. त्यावर काही आलं नाही. ते पुस्तक निघालं नाही. चांगलं होतं की वाईट, हेही मला सांगता येत नाही. कारण मी ते वाचलेलंच नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक अभिप्रायाच्या खाली मी दोन गोष्टी लिहिते. एक, माझं पूर्ण नाव. दुसरं, "वाचलेली पानं", आणि पुढे पहिलं व शेवटचं पान. नाकारायचं असलं तरी शेवटच्या पानावर पोचल्याशिवाय नाकारत नाही. कंटाळा आला तर उठते, पाणी पिते, पुन्हा बसते.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही कोणी तरी लिहीत असेल. मुलीची वही असेल, जावेच्या कविता असतील, निवृत्त दिरांचं आत्मचरित्र असेल. "बघ गं जरा," म्हणून ते तुमच्या हातात येईल. छापण्याजोगं आहे की नाही, ते पुढे कोणीही ठरवील. आधी ते शेवटपर्यंत वाचा. आज संध्याकाळी माझ्याकडे तीनशे बारा पानांची भुताची गोष्ट आली आहे. स्वयंपाकघर आवरलं की बसते.